जायफळ उगाळण्याआधी

“सिस्टर, झोपेसाठी काहीतरी घरगुती सांगा ना.” कचराळी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हे विचारतंच. मी लगेच उपाय सांगत नाही, आधी चार गोष्टी विचारते. पडल्यावर झोप लागत नाही, की लागते पण मोडते? घोरता का? (याचं उत्तर तुम्ही नाही, घरच्यांनी द्यायचं.) रात्री पाय स्वस्थ पडू देतात का? आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का?

माझी सगळी नोकरी ठाण्यात झाली. आधी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात, मग आयसीयूत, आणि त्यातली बरीचशी नाइट ड्युटी. माणसं झोपेत श्वास कसा घेतात, पहाटे तीनला कशी दचकून उठतात, हे मी जवळून पाहिलंय. घरगुती उपायांवर माझा विश्वास आहे, त्यातले काही मी स्वतः करते. पण “झोप नीट होत नाही” या एका तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे आजार असू शकतात. घोरणाऱ्या माणसाला महिनोन् महिने जायफळाचं दूध देत बसलं तर तपासणी लांबते, आणि तेवढा काळ त्याच्या हृदयावर ताण पडत राहतो. म्हणून निदान आधी, सहाण नंतर.

घोरण्याकडे दुर्लक्ष नको

आमच्या इमारतीतले एक काका रात्री दहाला पडायचे, सकाळी सातला उठायचे, तरी पेपर वाचता वाचता मान खाली जायची. बीपीच्या तीन गोळ्या चालू होत्या, पण वरचा आकडा काही खाली येईना. काकू म्हणायच्या, “झोपेची काही तक्रार नाही हो, चांगले घोरत पडलेले असतात.” मी त्यांना एकच काम सांगितलं: पहाटे जाग आली की मोबाइलवर दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी ते ऐकलं. घोरणं चढत चढत जातं आणि एकदम थांबतं. मागे फक्त पंख्याची घरघर. मी घड्याळाकडे बघत होते. दहा सेकंद, वीस सेकंद, त्याहूनही पुढे. मग खाडकन ओढलेला मोठा श्वास, कूस बदलताना पलंगाची करकर, आणि परत घोरणं सुरू. दहा मिनिटांत हे पुन्हा पुन्हा. काकूंनी मोबाइल बंद केला आणि विचारलं, “म्हणजे हे श्वासच घेत नव्हते का?”

नव्हते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींचा श्वासमार्ग त्यामुळे बंदच होतो, ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करून श्वास घ्यायला लावतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला तर तो एक प्रसंग धरतात. तासाला ५ किंवा अधिक प्रसंग म्हणजे आजार, ३० च्या वर म्हणजे तीव्र. उपचार केला नाही तर रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताचा धोका वाढतो.

संशय कधी घ्यायचा? मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचं कोणी पाहिलेलं असणं, बीपी, जास्त वजन, वय पन्नाशीपुढे, मानेचा घेर ४० सेंटीमीटरहून जास्त, पुरुष असणं. या आठांपैकी तीन-चार जुळले तरी डॉक्टरांना दाखवा. मानेचा घेर शिलाईच्या टेपने घरीच मोजता येतो. बायकांच्या बाबतीत मला वेगळं सांगायचंय. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही हा आजार वाढतो, पण त्या घोरण्याचं सांगतच नाहीत, लाजतात. सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, रात्री सारखी जाग येते, एवढंच सांगतात आणि त्यांना लोहाच्या नाहीतर झोपेच्या गोळ्या मिळतात. बायांनो, घोरत असाल तर तेही सांगा.

उपचारात मुख्य ते सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं. मास्कमधून हलक्या दाबाने हवा येते आणि श्वासमार्ग उघडा राहतो. पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो. मास्कचं माप बदलून घ्या, पण मशीन माळ्यावर टाकू नका. सौम्य त्रास असेल तर वजन उतरवणं, रात्रीची दारू बंद करणं आणि कुशीवर झोपणं यानेही बराच फरक पडतो. उताणं झोपायची सवय मोडायला जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. आणि डॉक्टरांना घोरण्याबद्दल सांगितल्याशिवाय झोपेची गोळी घेऊ नका. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

पायांची तक्रार

संध्याकाळी पडलं की पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवावेसे वाटतात, उठून चाललं की बरं वाटतं. हे वाताचं नाही की मनाचं नाही. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. शरीरातलं लोह कमी झालं की हे होतं किंवा वाढतं. गरोदरपणात आणि डायलिसिसच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा दिसतं. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं. लॅबच्या रिपोर्टवर ते “नॉर्मल” छापून आलेलं असलं तरी ७५ च्या खाली असेल तर या तक्रारीसाठी डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. संध्याकाळचा चहा आणि दारू यांनीही त्रास वाढतो.

झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नातली मारामारी खरोखर करणं असं वयस्कर माणसात दिसू लागलं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या काही आजारांची ती आधीची खूण असू शकते.

पडून राहूनही झोप न येणं

आता खरा निद्रानाश. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ असेल तर त्याला जुनाट म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, सवयी बदलण्याची पद्धत. डॉक्टर तिला सीबीटी-आय म्हणतात. तिचा कणा घरी करता येतो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज सकाळी तीन गोष्टी लिहा: किती वाजता पडलो, अंदाजे किती तास झोपलो, किती वाजता उठलो. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरतो. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

बहुतेकांच्या नोंदीत असं दिसतं: अंथरुणात नऊ तास, झोप सहा. उरलेले तीन तास तळमळ. मग अंथरुणातला वेळच सहा तास करायचा. रात्री बाराला पडा, सहाला उठा. लोक दचकतात, “झोप कमी होतेय म्हणून तुमच्याकडे आलो आणि तुम्ही आणखी जागं राहायला सांगता?” हो, कारण जागरणाने झोपेची ओढ साठते. भुकेसारखंच आहे हे. चार वाजता भजी खाल्ली की रात्रीचं जेवण जात नाही, तसं दुपारी दोन तास झोपलं की रात्रीची झोप जाते. पहिला आठवडा जड जातो. अंथरुणातला बहुतेक वेळ, साधारण ८५ टक्के, झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी पडायला लागा. पाच तासांच्या खाली मात्र कोणीही जायचं नाही. फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, ॲप्नियाचा संशय असलेले, गाडी किंवा मशीन चालवणारे यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

यात उठण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. रात्र कशीही गेली तरी उठायचं ठरल्या वेळीच, रविवारीसुद्धा. आणि उठल्यावर अर्धा तास बाहेरचा उजेड. आपल्याकडे जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्याप्रमाणे वेळ पुढेमागे करा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. फिरणं जमत नसेल तर गच्चीत नाहीतर गॅलरीत चहा घ्या.

दुसरा नियम: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, डोळे जड झाले की परत यायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये हा उपाय मांडला. अंथरूण म्हणजे झोप एवढीच गाठ मेंदूत राहावी हा हेतू. पुस्तकात हे सोपं वाटतं, पण वन बीएचकेत उठून जायचं कुठे? हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या, आत नवरा आणि मुलं. मी सांगते, स्वयंपाकघरात ओट्यापाशी एक स्टूल ठेवा आणि एक पिवळा छोटा बल्ब लावून घ्या. तिथे बसून मेथी निवडा, मटार सोला, लसूण सोला. हातांना काम हवं, डोक्याला नको. मोबाइल नको. तेही शक्य नसेल तर पलंगाशेजारी चटईवर उठून बसा, पण गादीवर तळमळत राहू नका.

दिवसाही गादी मोकळी ठेवा. तिच्यावर लॅपटॉप, मुलांचा अभ्यास, कपड्यांच्या घड्या असं सगळं चालतं, मग रात्री तीच गादी झोप कशी आणणार? एका खोलीत राहणारी, सकाळी उठल्या उठल्या गादी गुंडाळून ठेवणारी माणसं हा नियम न शिकता पाळतात.

डोक्यात विचार फिरतात म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सातच्या सुमारास एका वहीत ते लिहून काढावेत. घराचा हप्ता, मुलीचं स्थळ, सोसायटीची गळती, जे असेल ते. प्रत्येकापुढे उद्या काय करणार तेही लिहा. झोपताना आठवलं तर ते वहीत आहे.

चहाचं गणित बघा. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचचा कडक चहा म्हणजे रात्री दहालाही त्यातलं निम्मं अंगात. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करून आठवडाभर बघा.

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना रात्रीच्या ट्रेलरचा आवाज, आणखी कोणाला मिरवणुकांचा. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, पंख्याची एकसुरी घरघरही उपयोगी पडते. लाउडस्पीकर असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे: २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, आणि निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. ११२ वर तक्रार करा, संकोच करू नका.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी

ऐरोली, महापे, रबाळे इथून सकाळी बसने घरी येणारी तरुण मुलं बघितली की मला काळजी वाटते. शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं, त्यावरून त्या घड्याळाचं मोल कळावं. ते मुख्यतः उजेडावर चालतं. म्हणून शिफ्ट संपवून निघताना गॉगल लावा, घरी आलात की थेट झोपा, आधी बाजारहाट नको. खिडकीला जाड काळा पडदा, तोवर जुनी गोधडी चालेल. दाराची बेल बंद आणि दारावर पाटी. घरच्यांनो, दिवसा झोपलेल्या माणसाला सिलिंडर घ्यायला उठवू नका, ती त्याची रात्र आहे.

सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसपाळीवर येऊ नका. निदान चार तास असे ठेवा की जे कामाच्या आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी झोपेचेच असतील, उदाहरणार्थ सकाळी आठ ते बारा. शिफ्टला निघण्याआधी छोटी झोप घ्या. चहा शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात. आणि पहाटे डोळे मिटायला लागले तर ठाणे-बेलापूर रोडवर दुचाकी चालवू नका. ऑफिसातच वीस मिनिटं डोकं टेका, मग निघा. अपघाताने आलेली किती तरणी मुलं मी आयसीयूत पाहिलीत, म्हणून हात जोडून सांगते.

आता घरगुती उपाय

माझा सगळ्यात आवडता उपाय काशाच्या वाटीचा. जांभळी नाक्याच्या भांड्यांच्या दुकानांत विचारा. पाय धुऊन पुसा, तळव्याला अर्धा चमचा साजूक तूप किंवा तिळाचं तेल लावा, वाटी पालथी धरून टाचेकडून बोटांकडे सावकाश घासा. एकेका पायाला पाच-सात मिनिटं. तळवा काळपट होतो तो धातू, तेल आणि घाम यांच्यामुळे. शरीरातलं विष बाहेर आलं वगैरे समजू नका. उपयोग मात्र खरा आहे. पाय ऊबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतलं तापमान उतरलं की झोप लवकर लागते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ऊबदार पाय आणि लवकर लागणारी झोप यांचा हा संबंध १९९९ मध्ये दाखवला. झोपण्याआधी दीड तास कोमट पाण्याने आंघोळ केली तरी हेच होतं.

वाटी घासल्यावर पाय फडक्याने कोरडे पुसून मगच जमिनीवर ठेवा. तेलकट पायाने बाथरूमला जाताना घसरून खुबा मोडलेली आजी-आजोबा मंडळी मी पाहिली आहेत. मधुमेह असेल तर आधी तळव्याला भेग किंवा जखम नाही ना ते उजेडात बघा.

जायफळ सहाणेवर दुधात उगाळून दोन-तीन वेढे, बस. जास्त घेतलं तर ते विषारी ठरतं: मळमळ, छातीत धडधड, भास. पूड चमच्याने घालू नका आणि गरोदर बायकांनी टाळा. दुधाचं म्हणाल तर चरकसंहितेत झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीचं दूध श्रेष्ठ म्हटलंय. तबेल्याचं दूध घरी येत असेल तर अर्धा कप पुरे, साखर न घालता, झोपण्याआधी तासभर. रात्री लघवीला उठणाऱ्यांनी दूध-पाणी आठनंतर घेऊ नये. त्यांना लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

भ्रामरी आणि लांब उच्छ्वास, चार आकडे श्वास आत आणि सहा-सात बाहेर, दहा मिनिटं. याला पैसे लागत नाहीत आणि नुकसानही नाही.

अश्वगंधाचा काही लोकांना थोडा उपयोग होतो, पण क्वचित यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. थायरॉइड, यकृताचा आजार, गरोदरपण असेल तर नको. सर्पगंधा तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर तिचा उपयोग जगापुढे मांडला, एवढं ते जोरदार औषध आहे. बीपी एकदम उतरू शकतो, मन खिन्न होऊ शकतं.

गोळी आणि तपासणी

शेजाऱ्यांच्या डब्यातली अल्प्राझोलाम ही झोपेसाठी घेतली जाणारी गोळी उसनी घेणं बंद करा. ती शेड्यूल एच१ मध्ये आहे, दुकानदाराला चिठ्ठीशिवाय द्यायची परवानगी नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. म्हाताऱ्या माणसात या गोळीने तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. पण वर्षानुवर्षं घेत असाल तर हे वाचून आज एकदम बंद करू नका, फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतील.

डॉक्टरांकडे जाताना कालनिर्णयची दोन पानं, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्या. डॉक्टरांनी स्लीप स्टडी सांगितली तर घाबरू नका, सुई नसते. डोक्याला, छातीला, पायांना तारा लावतात, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि तुम्ही झोपायचं. काही ठिकाणी घरीच करायचं छोटं यंत्रही देतात. त्या दिवशी दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा घेऊ नका, आणि बायकांनी निदान एका बोटाचं नेलपॉलिश काढून जावं. केस शाम्पूने धुऊन जा आणि तेल लावू नका, नाहीतर डोक्याच्या तारा रात्रीतून सुटतात आणि चाचणी पुन्हा करावी लागते.